शाळा चालू असताना मुलांना बाहेरगावी न्यायचंय? रजेचा हिशोब असा मांडा

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण आपले नातेवाईक एका कॅलेंडरवर चालतात आणि आपल्या मुलांच्या शाळा दुसऱ्या. इथलं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतं. पुण्या-मुंबईची चुलत-मावस भावंडं तेव्हा परीक्षा देत असतात आणि आपली मुलं नव्या वर्गाची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. दिवाळीत तिकडे सुट्टी लांबलचक असते, इकडे जेमतेम पाच-सहा दिवस. कोकणात गणपतीला शाळा बंद असतात, इथे चतुर्थीचा एक दिवस मिळतो. दोन्हीकडच्या सुट्ट्या खऱ्या अर्थाने जुळतात त्या फक्त मे ते जूनच्या मध्यापर्यंत. 2026 मध्ये तर अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा नेमका सुट्टीवरच येतो, त्यामुळे लग्नकार्यं एकतर त्याआधी नाहीतर शाळा उघडल्यावर.

तेव्हा रजा घ्यावी लागते, आणि ती घेण्यात गैर काही नाही. आजोळचा गणपती, मावशीचं लग्न, कुलदैवताचं दर्शन ही मुलांच्या वाढीतलीच गोष्ट आहे. मात्र रजा किती दिवसांची यापेक्षा ती कोणत्या दिवसांची आहे, याने जास्त फरक पडतो. चुकीच्या आठवड्यातले तीन दिवस योग्य आठवड्यातल्या सात दिवसांपेक्षा महाग पडतात.

तिकिटाआधी शाळेचं कॅलेंडर

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं (1 नोव्हेंबर 2024 पासून, त्याआधी 120 दिवस होते). शाळेचं परीक्षेचं वेळापत्रक मात्र बहुतेक वेळा परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी हातात येतं. म्हणजे तिकीट काढताना परीक्षेची तारीख माहीत नसते. निम्म्या अडचणींचं मूळ इथेच आहे.

2026 चा गणपती घ्या. चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला. इंदूरहून शुक्रवारी 11 तारखेच्या अवंतिकाने (इंदूर-मुंबई रात्रीची गाडी) निघायचं तर आरक्षण 13 जुलैला उघडणार. आणि सप्टेंबरचा मध्य म्हणजे बऱ्याच सीबीएसई शाळांच्या अर्धवार्षिक परीक्षेचा काळ. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या, डायरीतलं वार्षिक कॅलेंडर बघून, क्लास टीचरना एकच प्रश्न विचारा: "अर्धवार्षिक साधारण कोणत्या आठवड्यात?" नेमकी तारीख त्या सांगू शकणार नाहीत, पण आठवडा सांगतात. गेल्या दोन वर्षांच्या तारखा वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईला विचारल्या तरी अंदाज पक्का होतो.

आता दिवस मोजा, आणि प्रामाणिकपणे मोजा. घर रत्नागिरीकडे असेल आणि गणपती दीड दिवसाचा असेल, तर विसर्जन मंगळवारी 15 ला. बुधवारी कोकणातून निघून रात्री मुंबई, गुरुवारी संध्याकाळची अवंतिका, शुक्रवारी सकाळी इंदूर. शाळा बुडते मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार मिळून चार दिवस. रात्रभर गाडीत झोपलेलं मूल शुक्रवारी सकाळी स्टेशनवरून थेट वर्गात बसवण्याचा विचार करू नका, त्या दिवशी ते काही शिकत नाही. गणपती पाच दिवसांचा असेल तर विसर्जन शुक्रवारी 18 ला, आणि घरी पोचेपर्यंत सोमवार 21 उजाडतो. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार आणि पुढचा सोमवार, पाच दिवस. शनिवारी शाळा असेल तर सहा-सात. गंमत बघा, गणपतीचे दिवस साडेतीनने वाढले तरी बुडणारी शाळा एका दिवसानेच वाढते, कारण खरा वेळ प्रवास खातो. दोन्हीकडे मिळून चार दिवस प्रवासात जाणार असतील, तर घाईघाईत परतण्यापेक्षा नीट राहून या.

परतीचं तिकीट आधी पक्कं करा, जायचं नंतर. जाताना गाडी मिळाली नाही तर सेंधवा-धुळ्याच्या रस्त्याने रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत, नाहीतर प्रवास एक दिवस पुढे ढकलता येतो. परतताना वेटिंग कन्फर्म झालं नाही तर चार्ट बनल्यावर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि शाळेला फोन करून रजा वाढवावी लागते. शाळांना सर्वात जास्त राग येतो तो या वाढवलेल्या रजेचा. मुलाचं वय 5 ते 11 असेल आणि त्याला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. रात्रीच्या प्रवासात बर्थ घ्याच. दोघांत एक बर्थ करून झोपलेलं मूल दुसरा दिवसभर पेंगतं.

सलग रजा हवीच असेल तर सोमवार ते शुक्रवार घ्या: पाच दिवसांच्या रजेत दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतात. बुधवार ते मंगळवार अशीही पाचच दिवसांची रजा होते, पण हाती सातच दिवस येतात आणि शाळेचे दोन आठवडे तुटतात. परत येताना शनिवारी पोचा. रविवार कपडे, दप्तर आणि झोपेसाठी लागतो.

हजेरीचं गणित

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस धरले आहेत. 220 मधले 6 दिवस म्हणजे पावणेतीन टक्के. हा आकडा पाहून पालक निर्धास्त होतात आणि फसतात, कारण रजा एकटी येत नाही. पावसाळ्यानंतरचा ताप, डेंग्यू, भावाची मुंज, स्पर्धेचे दिवस हे सगळं त्याच खात्यात जमा होतं.

एक उदाहरण मांडून बघा. सप्टेंबरअखेर शाळेचे 100 दिवस झाले, मूल 84 दिवस हजर: 84 टक्के, चांगलं वाटतं. ऑक्टोबरात 7 दिवसांची रजा घेतली. आता 107 पैकी 84, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर. परत आल्यावर तापाने 5 दिवस गेले. 112 पैकी 84, बरोबर 75 टक्के. यानंतर एकही दिवस चुकला की आकडा 75 च्या रेषेखाली. म्हणून रजा ठरवण्याआधी आजपर्यंतची हजेरी शाळेच्या ॲपवर किंवा क्लास टीचरकडून बघा, रजेनंतरचा आकडा काढा, आणि त्यातून आजारपणाचे आणखी 8-10 दिवस वजा करा. तरीही 80 च्या वर राहत असाल तर निर्धास्त जा.

सीबीएसईच्या दहावी-बारावीला 75 टक्के हजेरी बंधनकारक आहे आणि ती 1 जानेवारीपर्यंतची मोजली जाते, वर्षाच्या शेवटापर्यंतची नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात लग्नांसाठी बुडालेले दिवस "जानेवारीत भरून काढू" म्हणता येत नाही. कमी पडलेली हजेरी माफ होते ती गंभीर आजार, आई-वडिलांपैकी कुणाचं निधन, राष्ट्रीय पातळीवरचा खेळ अशा कारणांसाठी, कागदपत्रांसह. सहल किंवा लग्न त्यात बसत नाही. रजेची लेखी सूचना शाळेकडे नसेल तर ती अनधिकृत गैरहजेरी धरली जाते, आणि सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना हे पुन्हा बजावलं आहे.

खालच्या वर्गांना असा बोर्डाचा फास नाही, आणि इंग्लंडमध्ये होतो तसा पालकांना दंडही आपल्याकडे होत नाही. पण शाळांचे स्वतःचे नियम असतात. न कळवता सलग काही दिवस गैरहजर राहिल्यास पटावरून नाव कमी करण्याचं कलम अनेक डायऱ्यांत छापलेलं असतं. ते पान एकदा वाचा, दिवसांचा आकडा शाळेगणिक वेगळा असतो.

कोणत्या इयत्तेला काय जड जातं

नर्सरी-केजीला अभ्यास बुडत नाही, सवय बुडते. पहिल्या दोन महिन्यांत मूल कसंबसं रुळलेलं असताना आठवडाभर नेलंत तर परतल्यावर रडणं पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर खुशाल न्या. पहिली-दुसरीचंही तेच.

तिसरी-चौथीला एकच गोष्ट जपा: गुणाकार, भागाकार आणि अपूर्णांक सुरू होण्याचे दिवस. पाचवी आणि आठवीला मध्य प्रदेश बोर्डाच्या शाळांत बोर्डाच्या पद्धतीने वार्षिक परीक्षा होते, म्हणून जानेवारीपासून रजा नको.

सहावी ते आठवी हा सर्वात लवचीक टप्पा. मुलं स्वतः भरून काढू शकतात आणि (मध्य प्रदेश बोर्डाची आठवी सोडली तर) बोर्डाचं ओझं नसतं. लांबचा प्रवास मनात असेल तर तो याच तीन वर्षांत करून घ्या.

नववीकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ देऊ नका. सीबीएसईत नववीला आणि अकरावीला विद्यार्थ्याची नोंदणी होते. दहावी-बारावीला परीक्षार्थींची यादी जाते. हे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान चालतं. शाळा मुलाचं नाव, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख छापून सही करायला घरी पाठवते. आपल्याकडे आडनावं आणि वडिलांचं नाव मधे लिहिण्याची पद्धत इथल्या कारकुनांना नेहमीची नसते, त्यामुळे चुका होतात, आणि तीच चूक पुढे मार्कशीटवर उतरते. त्या दिवसांत बाहेर असाल तर कागदाचा फोटो मागवा, जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि उत्तर लेखी द्या.

नववी-दहावीच्या 20 अंतर्गत गुणांत पिरिऑडिक टेस्टचे 5 गुण असतात; तीन टेस्टपैकी चांगल्या दोनची सरासरी धरायची असते. एखादी टेस्ट रजेत गेली तर वर्ष बुडत नाही, पण मग उरलेल्या दोन्ही द्याव्याच लागतात. प्रवासासाठी बुडालेली टेस्ट बहुतेक शाळा पुन्हा घेत नाहीत. दहावी-बारावीला दिवाळीनंतर अपरिहार्य कार्याखेरीज कुठेही नेऊ नका. जानेवारीपासून प्रॅक्टिकल सुरू होतात आणि तिथली गैरहजेरी थेट गुणपत्रिकेवर दिसते.

आणि ज्या मुलाला शाळेत जायचाच कंटाळा आहे, ज्याचं गणित आधीच मागे पडलंय किंवा ज्याने याच वर्षी शाळा बदलली आहे, त्याच्यासाठी रजा कमीत कमी ठेवा. अशा मुलाला परत जाणं फार अवघड जातं.

अर्ज, आणि खरं कारण

अर्ज निघण्याच्या किमान दहा-पंधरा दिवस आधी द्या. प्रिन्सिपलच्या नावाने, क्लास टीचरमार्फत, हिंदीत किंवा इंग्रजीत. पाच गोष्टी हव्यात: मुलाचं नाव, वर्ग, सेक्शन आणि रोल नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती कामाचे दिवस, कारण एका वाक्यात, शाळेत परत येण्याची तारीख. शेवटी एक ओळ जरूर घाला: "इस अवधि का छूटा हुआ कार्य हम घर पर पूरा करवाएँगे।" या ओळीने टीचरची निम्मी काळजी मिटते. दोन प्रती काढा, एकीवर शाळेची पोच घ्या. ॲपवर रजा टाकली असली तरी कागद द्या, नाहीतर मंजुरीचा स्क्रीनशॉट ठेवा. भावंडं वेगळ्या वर्गांत असतील तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा.

कारण खरं लिहा. ताप आल्याचं सांगून लग्नाला जाण्याची पद्धत रुळली आहे, आणि ती मुलासाठी वाईट आहे. नववीतल्या मुलीला टायफॉइड झाल्याचं पत्र दिलेलं असतं आणि ती कोपरापर्यंत मेंदी घेऊन वर्गात येते. टीचर विचारतात तिला, आपल्याला नाही. सगळ्या वर्गासमोर खोटं बोलायचं की आई-बाबांना उघडं पाडायचं, हा पेच आपण तिच्यावर टाकलेला असतो. शिवाय पुढे खरोखर आजारपणासाठी सवलत मागायची वेळ आली, तर शाळा आधीचा कागद काढून बघते. "कौटुंबिक विवाह" किंवा "गणेशोत्सवासाठी मूळ गावी" एवढं लिहिलं की पुरतं; महाराष्ट्रीय घरांचं हे इंदूरच्या शाळांना नवीन नाही. मेंदीवरून आठवलं, तिचा रंग आठ-दहा दिवस टिकतो. शाळा कडक असेल तर तसं आधी सांगून ठेवा किंवा तळहातावर छोटी नक्षी काढा.

प्रिन्सिपल नाही म्हणाले तर वाद घालू नका, दिवस कमी करून विचारा. सहाचे चार केले की बऱ्याचदा जमतं. वार्षिकोत्सवात मुलाची भूमिका ठरलेली असेल तर मात्र रजा मागूच नका, बाकीच्या मुलांचं बसवलेलं सगळं मोडतं. बसवाल्या भैयांना आणि ट्यूशनच्या सरांनाही तारखा सांगून ठेवा.

जाण्याआधीचा आठवडा

प्रत्येक विषयाच्या टीचरना विचारायचं ते "काय बुडेल?" असं नाही. विचारायचं असं: "त्या आठवड्यात नवीन धडा सुरू होणार आहे का?" गणितात नव्या धड्याचे पहिले दोन तास बुडणं, हे त्याच धड्याच्या उदाहरणांचे चार तास बुडण्यापेक्षा जास्त नडतं. पहिल्या दोन तासांत रीत शिकवतात. पुढचे तास ती रीत गिरवण्याचे असतात आणि तेवढं घरी होतं. नवा धडा रजेतच सुरू होणार असेल तर निघण्याआधी घरी त्याची पहिली चार-पाच सोडवलेली उदाहरणं करून घ्या. मूल परतेल तेव्हा वर्ग तिसऱ्या स्वाध्यायावर असला तरी शब्द त्याच्या ओळखीचे असतील.

वह्यांसाठी वर्गातलं एकच नीटनेटकं मूल ठरवा आणि त्याच्या आईशी आधी बोला. चार ठिकाणांहून आलेल्या फोटोंचा मेळ लागत नाही. फोटो रोजच्या रोज, एका पानाचा एक, उजेडात, वर तारीख दिसेल असा. आठवड्याचे फोटो एकदम मागवले तर पानं गळतात, आणि ते गळलेलं पान नेमकं टेस्टच्या आदल्या रात्री सापडत नाही.

प्रवासात किती अभ्यास

रोज 40 मिनिटं, सकाळी, आंघोळ-नाश्त्याच्या आधी, फक्त गणित आणि एखादा भाषेचा विषय. रात्री बसवू नका. पाहुण्यांच्या घरी रात्री कोणी अभ्यास करत नाही, नुसती भांडणं होतात. लग्नाच्या मुख्य दिवशी आणि गणपती बसण्याच्या दिवशी पूर्ण सुट्टी. पुस्तकं दोनच न्या. गाडीच्या बर्थवर लिहिणं होत नाही, अक्षर हलतं. तिथे पाढे, संस्कृतची रूपं, स्पेलिंग असं तोंडी घ्या. बसने जात असाल तर सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात पुस्तक उघडूच देऊ नका, वळणांवर खाली बघितलं की मळमळतं.

परतल्यानंतरचे दहा दिवस

पहिल्या दिवशी डायरीत रजेच्या अर्जाचा उल्लेख करून सही पाठवा. मग क्रम असा ठेवा: गणित आधी, विज्ञान नंतर, बाकी सगळं त्यानंतर. सगळे विषय एकदम भरायला घेतले की मूल फक्त नकललेली पानं वाढवत राहतं. गणिताचं बुडालेलं पान उतरवून घेण्याआधी उदाहरण सोडवून घ्या. आधी उतरवलं की डोळ्यांना ते आल्यासारखं वाटतं. "आलंय मला" म्हणालं तर बुडालेल्या स्वाध्यायातली दोन उदाहरणं कोऱ्या कागदावर द्या, एक सोपं, एक शेवटचं. शेवटचं अडलं तर रीत कळलेली नाही, आणि मग टीचरकडे मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मागायची. बहुतेक टीचर देतात, विशेषतः ज्यांना आधी विचारून गेलेलं असतं त्या.

रोज अर्धा-पाऊण तास जास्तीचा बसला की आठवडाभराची रजा दहा दिवसांत भरून निघते. वह्या याच दहा दिवसांत पूर्ण करा. वही तपासणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात जातात आणि अपुरी वही महिनाभर अपुरीच राहते.

महिना संपायच्या आधी हजेरीचा आकडा पुन्हा बघा. रजेचे दिवस मोजल्याप्रमाणे आलेत का, चतुर्थीचा सुट्टीचा दिवस चुकून गैरहजेरीत धरलाय का, हे त्याच महिन्यात विचारावं लागतं. महिन्याची बेरीज होऊन पट बंद झाला की तो उघडायला कोणी राजी होत नाही, आणि अर्जाची पोच असलेली प्रत तेव्हा हाताशी हवी.